गाडी-यंत्राची निगा : अंगणातला तांबडा डाग

नरखेड तालुक्यातून एका भगिनीचे पत्र आले आहे. या सदराला येणारी पत्रे बहुतेक पुरुषमंडळींची असतात, आणि विषय ठरलेले: डिझेल फार लागते, बॅटरी उतरते. हे पत्र निराळे आहे. त्या लिहितात, "रोज पहाटे मी अंगणात सडा टाकते. रात्री गाडी उभी असते तिथे पुढच्या उजव्या चाकाच्या आतल्या अंगाला तांबड्या तेलाचा डाग दिसतो. आधी रुपयाएवढा होता, आता भाकरीएवढा झाला आहे. दोनदा सील बदलले. आता मेकॅनिक म्हणतो, स्टिअरिंगचा बॉक्सच बदला. ह्यांचे म्हणणे असे की आंबिया बहाराचा माल निघून जाऊ द्या, तोवर डबीत तेल टाकत राहू. तर आम्ही काय करावे?"

गाडी म्हणजे वीस वर्षे वापरलेला मिनी ट्रक. घरच्या बागेतली आणि शेजारच्या दोन बागांतली संत्री ऑक्टोबर ते डिसेंबर याच गाडीतून नागपूरला कळमना मार्केटात जातात. संध्याकाळी माल भरायचा, रात्री निघायचे आणि उजाडण्यापूर्वी आवारात गाडी लावायची, असा क्रम. म्हणजे प्रश्न दिसायला तेलाच्या डागाचा असला, तरी भरलेली गाडी रात्री रस्त्यावरून नेणाऱ्या माणसाचाही आहे.

ताई, थोडक्यात सांगायचे तर तुमच्या यजमानांचे म्हणणे मला मान्य नाही. मेकॅनिकचे म्हणणे बरोबर असू शकेल, पण त्याने ते कशावरून ठरवले हे तुमच्या पत्रावरून कळत नाही. गळती नेमकी कुठून आहे ते पाहिल्याशिवाय सील घेऊ नये आणि बॉक्सही घेऊ नये.

आधी ही पेटी काम कशी करते ते पाहू. चालक स्टिअरिंगचे चाक फिरवतो तेव्हा खाली बॉक्समध्ये एक आटे असलेला दांडा फिरतो. त्याला वर्म म्हणतात. वर्मवर एक जाड नट बसलेला असतो आणि दोघांच्या आट्यांमध्ये पोलादी गोळ्या घरंगळत असतात. वर्म फिरला की नट पुढे-मागे सरकतो. नटाच्या अंगावर दाते असतात, ते सेक्टर शाफ्टला फिरवतात. या शाफ्टचे टोक बॉक्सच्या खाली बाहेर येते आणि त्याला ड्रॉप आर्म जोडलेला असतो. ड्रॉप आर्म ड्रॅग लिंकला ढकलतो आणि चाके वळतात. साध्या स्टिअरिंगमध्ये एवढेच असते आणि सगळा जोर चालकाच्या दंडाचा.

पॉवर स्टिअरिंगमध्ये तोच नट पिस्टनचेही काम करतो. इंजिनवर चालणारा पंप तेल पाठवतो. वरच्या दांड्यातला झडपेचा भाग चालकाचा हात ओळखून ते तेल पिस्टनच्या एका किंवा दुसऱ्या बाजूला सोडतो. गाडी सरळ चालली असेल तेव्हा तेल नुसते फिरून डबीत परत येते, दाब फारसा नसतो. वळण घेतले, विशेषतः भरलेली गाडी जागच्या जागी वळवली, की दाब एकदम चढतो. ट्रकच्या टायरमध्ये सात-आठ बार हवा असते. इथे शंभर बार आणि त्याहूनही जास्त दाब होऊ शकतो. म्हणून गळती नेहमी वळताना वाढते. उभ्या गाडीखाली जे थेंब पडतात ते दिवसभरात बाहेर आलेल्या तेलाचे शेवटचे ओघळ असतात. डाग भाकरीएवढा असेल तर रस्त्यावर किती सांडले याचा अंदाज करावा.

तेल नुसते फिरत ठेवून वळणाच्या वेळीच दाब वाढवण्याची युक्ती अमेरिकेतील फ्रान्सिस डेव्हिस या इंजिनिअरची. पिअर्स-ॲरो कंपनीच्या ट्रकवर काम करताना जड गाडी वळवणाऱ्या चालकांचे हाल त्याने पाहिले होते. १९२६ साली त्याने गाडीवर आपले पॉवर स्टिअरिंग चालवून दाखवले. तरी विक्रीच्या मोटारीत ते यायला १९५१ साल उजाडले. क्रायस्लर कंपनीने इंपीरियल या गाडीत ते दिले. आपल्याकडे लहान ट्रकना ते उशिराच लाभले. १९८६ साली आलेल्या टाटा ४०७ च्या सुरुवातीच्या गाड्या हाताच्या जोरावरच वळत. आज मात्र हे बॉक्स आपल्याच राज्यात तयार होतात. छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीमुळे सर्वांना ठाऊक असलेल्या वढू बुद्रुक या शिरूर तालुक्यातील गावी ट्रक-बसचे पॉवर स्टिअरिंग बनवणारा कारखाना आहे. ती कंपनी १९८१ साली स्थापन झाली.

आता तेल टाकत राहण्याविषयी. तेल संपले म्हणून स्टिअरिंग तुटत नाही. वर्म, नट, शाफ्ट ही लोखंडाची साखळी तशीच राहते आणि गाडी वळते. पण जड होते, आणि तीही एकदम. अर्ध्या वळणात असताना पंपाने हवा ओढली की हातातले चाक दगडासारखे होते. ज्याच्या हाताला हलके चाक फिरवायची सवय आहे, तो त्या क्षणी पुरेसा जोर लावत नाही. समोरून ऊस किंवा कापसाने भरलेला ट्रॅक्टर येत असेल तर एवढा क्षण पुरतो. शिवाय कोरडा चाललेला पंप आतून खरवडतो आणि ते बारीक लोखंड पुढे बॉक्समध्येच जाते.

या ताईंना पत्रानेच उत्तर द्यायचे ठरवले होते. पण काटोलला एक काम निघाले, तेव्हा तसाच पुढे त्यांच्या घरी गेलो. यजमान बागेत होते. ताईंनी चहा ठेवला आणि मी गाडीखाली डोकावलो. बॉक्स धूळ आणि तेलाच्या चिखलाने असा माखला होता की त्याचा आकारही कळत नव्हता. दोन सीलांचे पैसे गेले होते, पण बॉक्स एकदाही पुसलेला नव्हता.

गळती शोधायची रीत सोपी आहे, घरी करता येते. इंजिन गार असताना ब्रश आणि डिझेलने बॉक्स, पाइप, डबी सगळे धुवावे. फडक्याने कोरडे करावे. मग त्यावर टाल्कम पावडर भुरभुरावी. (ताईंनी डबा आणून दिला. मुलीने मात्र माझ्याकडे रागाने पाहिले. डबा तिचा होता.) डबीत तेल बरोबर खुणेपर्यंत भरावे. हँडब्रेक ओढून मागच्या चाकांना दगड लावावेत, एकाने इंजिन चालू करून स्टिअरिंग सावकाश दोन्ही बाजूंना फिरवावे आणि दुसऱ्याने टॉर्च घेऊन समोरून, चाकांपासून दूर राहून पाहावे. स्टिअरिंग शेवटच्या टोकाला नेऊन धरून ठेवू नये. तिथे दाब सर्वांत जास्त असतो, तेव्हा पाच सेकंदांच्या आत सोडावे. जिथे पावडर प्रथम ओली होईल ती जागा खरी. तेल खाली ओघळते, म्हणून नेहमी सर्वांत वरची ओली जागा धरावी. गळणारा पाइप मात्र हाताने चाचपू नये. बारीक छिद्रातून येणारी दाबाची धार कातडीत शिरते. पुठ्ठ्याचा तुकडा धरून पाहावे.

तेल बाहेर येण्याच्या जागा मोजक्याच आहेत. पाइपाची दोन तोंडे आणि रबरी होज जिथे लोखंडी टोकात दाबलेला असतो ती जागा, वरच्या दांड्याचे सील, बाजूच्या झाकणाची ओ-रिंग, टोकाच्या झाकणाची ओ-रिंग आणि खालचे सेक्टर शाफ्टचे सील. डबीला भेग पडलेली असली तरी तेल याच वाटेने खाली येते. माझ्या अनुभवात होजचे तोंड गळत असताना खालचे सील बदलण्याची चूक वारंवार होते, कारण थेंब शेवटी ड्रॉप आर्मवरूनच पडतो. होज बदलणे हे एका तासाचे काम आहे.

आमच्या पावडरीने दोन जागा दाखवल्या. दाबाच्या होजचे तोंड थोडे ओले झाले. खालच्या सीलजवळ तर पाच-सहा फेऱ्यांत तेलाचा मण्यासारखा थेंब लोंबला. मी ड्रॉप आर्म हाताने वर-खाली हलवून पाहिला. तो किंचित डगमगला. एवढ्यात यजमान आले. मी त्यांना म्हटले, "भाऊ, सील वाईट नाही. सील ज्यावर बसते तो शाफ्ट डुलतो आहे." ते म्हणाले, "मग हंगामापुरते चालेल ना?" मी म्हटले, ड्रॉप आर्म उघडून शाफ्ट पाहिल्याशिवाय मी काहीच सांगणार नाही. त्यांना ते फारसे आवडले नाही. पण ताई म्हणाल्या, "उद्याच घेऊन जा." आणि तो विषय तिथे संपला.

दुसऱ्या दिवशी नागपूरला अमरावती रस्त्यावर, वाडीच्या बाजूला, माझ्या ओळखीच्या एका मिस्त्रीच्या शेडमध्ये गाडी उभी केली. ड्रॉप आर्मचा नट फार घट्ट असतो. त्याला लांब पाइप लावून जोर करावा लागतो. इथे तो साध्या पान्याने फिरला. खालची लॉक चकती जुनीच परत वापरलेली होती आणि तिचा कान दुमडलेलाही नव्हता. मागच्या वेळी सील बदलणाऱ्याने नट नुसता चढवून ठेवला होता. ही गोष्ट मला तेलापेक्षा शंभरपट भयंकर वाटते. तेल गेले तर स्टिअरिंग जड होते, पण हा नट निघून ड्रॉप आर्म सुटला तर स्टिअरिंग उरतच नाही. चाक हातात फिरत राहते आणि गाडी आपल्या मनाने जाते. यजमान शेजारीच उभे होते. त्यांनी तो नट हातात घेतला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. दोन महिने या नटावर ते कळमन्याच्या फेऱ्या करीत होते.

ड्रॉप आर्म काढताना घणाने ठोकू नये. पुलर लावावा. ठोकण्याचा मार शाफ्टमधून थेट आतल्या दात्यांवर आणि गोळ्यांवर बसतो. काढण्यापूर्वी शाफ्ट आणि आर्म या दोन्हींवर पंचने खूण करावी, म्हणजे परत बसवताना एक दाताही इकडचा तिकडे होत नाही. आमच्या मिस्त्रीने हे सगळे न सांगता केले आणि जुने सील उपटून शाफ्ट पुसला. मग मला म्हणाला, "नख फिरवून पाहा." सील जिथे टेकते त्या पट्ट्यात नख अडकत होते. गंजाचे बारीक खड्डे पडले होते. बाहेरचे रबरी धूळटोपण केव्हाच फाटून गेले होते. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल तिथे बसला आणि शाफ्ट गंजला. उन्हाळ्यात नागपूरकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो, त्यात इंजिनची आच. सीलचे रबर कडक होते आणि या खड्ड्यांवर घासून महिनाभरात फाटते. शाफ्टला आधार देणारे बेअरिंगही झिजले होते. अशा शाफ्टवर तिसरे सील बसवले असते तर दिवाळीला चौथे लागले असते.

दुरुस्ती करावी की बदलावे, याचा निकाल या नखाच्या परीक्षेवर बराचसा लागतो. शाफ्ट गुळगुळीत आहे, डुलत नाही, स्टिअरिंगमध्ये खेळ नाही, नुसते सील किंवा ओ-रिंग कडक झाली आहे, तर किट टाकावे. किट काही शेकड्यांत येते, बॉक्सला हजारो मोजावे लागतात. शाफ्टवर खड्डे आहेत, बेअरिंग सैल आहे, दाते झिजून मध्यभागी चाक रिकामे फिरते, किंवा एका बाजूला हलके आणि दुसऱ्या बाजूला जड लागते, तर बॉक्स बदलावा किंवा ज्याच्याकडे दाब तपासण्याची सोय आहे अशा माणसाकडूनच तो पूर्ण उघडून घ्यावा. शेवटची खूण फसवी असते. पिस्टनवरची रिंग आतल्या आत गळत असेल तर बाहेर एक थेंबही दिसत नाही.

काही जण शाफ्टवर वेल्डिंग करून लेथवर उतरवून देतो म्हणतात. हे कधीही करू देऊ नये. तो शाफ्ट पाणी देऊन कडक केलेल्या पोलादाचा असतो. वेल्डिंगच्या आचेने त्याचे पाणी उतरते, बारीक तडे जातात, आणि एक दिवस तो भर रस्त्यात मोडतो. तसेच वर्म आणि नट गावात उघडू नये. गोळ्या मापाने निवडलेल्या असतात, मोजून भरलेल्या असतात. एक हरवली तर दुसऱ्या बॉक्सची चालत नाही. बाजूच्या झाकणावरचा स्क्रू आवळून खेळ घालवण्याचीही एक वाईट सवय आहे. खेळ बहुधा टाय रॉडच्या टोकांत किंवा किंग पिनमध्ये असतो. आवळलेला बॉक्स मध्यभागी धरतो, वळणानंतर चाक आपोआप सरळ येत नाही, आणि राहिलेले दाते झपाट्याने जातात.

आणि ब्रेक ऑइल! स्टिअरिंगच्या डबीत हाताशी असलेले ब्रेक ऑइल टाकणारे मी पाहिले आहेत. ते या सीलच्या रबराला फुगवून सडवते. झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तकात जे तेल सांगितले असेल तेच टाकावे. बऱ्याच गाड्यांना तांबडे एटीएफ लागते. गळती थांबवणारे औषध म्हणून जी बाटली मिळते ती रबर थोडे फुगवते, आठवडाभर बरे वाटते, आणि त्या आठवड्यात आपण गाडी दाखवायची विसरतो.

यजमानांपुढे तीन वाटा होत्या. नवा बॉक्स, जुना देऊन दुरुस्त केलेला बॉक्स, किंवा भंगारातल्या गाडीचा. तिसरी सर्वांत स्वस्त. मी नको म्हटले. भंगारात आलेली गाडी बहुधा अपघाताची असते. पुढच्या चाकाला बसलेला धक्का ड्रॅग लिंकमधून त्याच शाफ्टपर्यंत पोचतो आणि आतला तडा डोळ्यांना दिसत नाही. त्यांनी हमी देऊन मिळणारा दुरुस्त बॉक्स घेतला. पैसे जड गेले. घरात नवीन फवारणी पंपाचे ठरले होते, ते पुढे गेले. बॉक्स घेताना जुन्यावरचा क्रमांक जुळवून घ्यावा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाक किती फेरे फिरते तेही मोजून पाहावे. बाहेरून सारखे दिसणारे दोन बॉक्स आतून वेगळे असू शकतात.

बसवण्यापूर्वी मिस्त्रीने डबी काढून धुतली, आतली जाळी बदलली, दोन्ही होज नवे घातले आणि पंपातले जुने तेल पूर्ण बाहेर काढले. जुन्या पाइपातला कचरा नव्या बॉक्समध्ये गेला तर नवा बॉक्सही लवकर जुना होतो. बॉक्सचा मध्य काढण्यासाठी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे फेरे मोजून निम्मे मागे आला, चाके सरळ ठेवली आणि मगच ड्रॉप आर्म बसवला. नवी लॉक चकती घातली. नट टॉर्क पान्याने पुस्तकातल्या आकड्यापर्यंत आवळला आणि चकतीचा कान दुमडला. वर पिवळ्या रंगाचा एक पट्टा ओढला, नट आणि आर्म या दोन्हींवरून. तो पट्टा तुटलेला दिसला तर नट हलला असे समजायचे. हे घरच्या माणसाला पाहता येते, मेकॅनिक लागत नाही.

हवा काढण्यासाठी पुढचा भाग जॅकवर उचलून खाली लाकडी स्लीपर दिले. (नुसत्या जॅकवर गाडीखाली जाऊ नये, हे या सदरात किती वेळा लिहिले असेल!) इंजिन बंद ठेवूनच चाक पंधरा-वीस वेळा दोन्ही टोकांना फिरवले आणि डबीत तेल घालत राहिले. मग इंजिन लावले. डबीत फेस दिसेनासा होईपर्यंत फिरवणे चालू ठेवले. फेस असताना गाडी हाणली तर पंप कण्हतो. तो आवाज एकदा ऐकला की विसरत नाही.

ट्रॅक्टरवाल्या वाचकांसाठी एक सांगून ठेवतो. हल्लीच्या पुष्कळ ट्रॅक्टरना असा बॉक्स नसतो. स्टिअरिंगखाली तेल वाटणारे एक यंत्र आणि पुढच्या ॲक्सलला सिलिंडर असतो, मध्ये नुसते पाइप. तिथे पावडरीची परीक्षा तीच, पण सील सिलिंडरच्या दांड्याचे पाहावे. चिखलणीनंतर त्या दांड्यावर वाळलेला चिखल तसाच ठेवून ट्रॅक्टर वळवला की सील कापले जाते. ओल्या फडक्याने पुसायला दोन मिनिटे लागतात.

काल ताईंचा फोन आला. गाडीच्या चार फेऱ्या झाल्या, तांबडा डाग गेला. यजमान आता रोज निघताना खाली वाकून पिवळा पट्टा पाहतात म्हणे. पण अंगणात वीतभर मागे एक नवा डाग दिसू लागला आहे, आणि तो काळा आहे. म्हणजे इंजिनचे तेल. पावडरीचा डबा पुन्हा काढायला सांगितला आहे. मुलीसाठी नवा डबा मी पाठवीन. काळ्या डागाचे काय निघते ते पुढील अंकी.